"एएस निघालं, आता पोरीचं लग्न मोडते का जी?"

मी पूर्व विदर्भात सिकलसेलच्या (रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या होतात तो आनुवंशिक आजार) कामात समुपदेशक आहे आणि हा प्रश्न मला जवळजवळ दर आठवड्याला येतो, म्हणून एक अनुभव लिहितेय (ओळख पटेल असं सगळं बदललंय).

एक मावशी आल्या, सोबत बावीस-तेवीस वर्षांची पोरगी, हातात चारदा घडी घातलेला रिपोर्ट. बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, हा कागद फाडून टाकू का? तिकडच्यांना नाही सांगत." पोरगी खाली मान घालून बसलेली.

आधी पोरीलाच सांगितलं, बाळा तू आजारी नाहीस. एएस म्हणजे वाहक, आईबापातल्या एकाकडून सिकलचा जीन आला आणि दुसऱ्याकडून चांगला. आजार असतो तो एसएसवाल्याला, दोन्हीकडून आला की. मावशी म्हणाल्या मग आमच्याच समाजात काऊन एवढं? हे विचारताना त्यांचा आवाज बसला, कुणीतरी टोमणा मारला असणार. गडचिरोली-चंद्रपूरचा जंगलपट्टा असो की तिकडे नंदुरबारचा सातपुडा, हा मलेरियाचा मुलूख, आणि एएस असलेल्या लेकराला जीवघेण्या मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून पिढ्यानपिढ्या ती लेकरं जास्त जगली आणि जीन टिकला. माडिया, परधान, भिल्ल, पावरा अशा समाजांत वाहकांचं प्रमाण 20 ते 35 टक्क्यांपर्यंत आढळलंय. यात कुणाचं पाप नाही की रक्त खराब नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

मग मुद्द्याचं. लग्न मोडायचं नाही, मुलाची तपासणी करायची. तोही एएस असेल तर प्रत्येक गरोदरपणात एसएस बाळाची शक्यता 25 टक्के. लोकांना वाटतं एक बाळ आजारी झालं की पुढची तीन सुटली, तसं नसतं, दर वेळी डाव नव्याने. तरीही दोघांनी विचारपूर्वक लग्न केलं तर गरोदरपणात 10 ते 12 आठवड्यांच्या सुमारास बाळाची तपासणी होऊ शकते.

पोरीनेच मुलाला फोन केला, मावशींना न विचारता. तो आला, सोल्युबिलिटी टेस्ट (सिकलची पहिली, झटपट रक्ततपासणी) निगेटिव्ह. मावशी खूश, पण मी अडवलं. त्या टेस्टमध्ये थॅलेसेमियाचा (हाही रक्ताचाच आनुवंशिक आजार) वाहक कळत नाही आणि सिकल अधिक बीटा थॅलेसेमिया असं बाळ झालं तर तेही एसएससारखंच भोगू शकतं. अशा वेळी एचपीएलसी (रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी तपासणी) करूनच घ्या, निगेटिव्हवर थांबू नका, हे मी कळकळीने सांगते. दहा दिवस वाट बघावी लागली, मुलाच्या घरचे चिडले होते म्हणे.

रिपोर्ट नॉर्मल आला. म्हणजे लेकरं वाहक होऊ शकतात, पण त्यांना सिकलसेलचा आजार होणार नाही.

मावशींनी कागद पिशवीत नीट ठेवला नि दारातून परत फिरल्या, "धाकटा बारावीत आहे, त्याला कधी आणू जी?"