सगळे कुलकर्णी आपले नातेवाईक का?

लाडक्या ईशान,

मंडळाच्या गणपतीत आपल्याशिवाय आणखी चार कुलकर्णी कुटुंबं भेटली आणि परत येताना तू विचारलंस, "आई, हे सगळे आपले नातेवाईक का?" गाडीत तुझ्या बहिणीच्या आरडाओरड्यात नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहून देते.

नाहीत रे. कुलकर्णी हे मुळात घराण्याचं नाव नव्हतंच, ते कामाचं नाव. देशावर गावोगाव पाटील आणि कुलकर्णी अशी वतनदारांची जोडी असायची. पाटील गावाचा प्रमुख, शेतसारा वसूल करणारा. कुलकर्णी लिहिणारा. कुठलं शेत कुणाकडे, सारा किती बसला, भरला किती, बाकी किती, हे सगळं तो बोरूनं मोडी लिपीत उतरवायचा आणि कागद रुमालात बांधून ठेवायचा. (हा रुमाल नाक पुसायचा नव्हे, चांगलं मोठं फडकं!) तेच त्याचं दफ्तर. पुष्कळ गावांचा मिळून परगणा व्हायचा. तिथं हेच काम देशपांडे करायचा आणि पाटलाच्या जागी देशमुख असायचा. मोबदला म्हणून इनाम जमीन, पिकातला वाटा आणि मानपान. बापामागून मुलगा, असं ते पिढ्यान्‌पिढ्या चालायचं.

आता बघ, गावागणिक कुलकर्णी म्हटल्यावर आडनाव एक, पण घराणी किती! आपल्यासारखे देशस्थ आहेत, सारस्वत आहेत, उत्तर कर्नाटकात तर घरी कन्नड बोलणारे कुलकर्णी भरपूर. काहींचं मूळ उपनाव वेगळंच असायचं. समर्थ रामदासांचं घराणं ठोसर, पण जांब गावचं कुलकर्णीपण त्यांच्याकडे होतं. पुढं कुणी उपनाव टिकवलं, कुणाला हुद्दाच चिकटला.

एक गोष्ट मात्र तुझ्या बाबांकडची मंडळी सांगणार नाहीत, ती मी सांगते. माझं माहेर जाधवांचं, शेतकऱ्यांचं. म्हणजे आम्ही त्या दफ्तराच्या पलीकडच्या बाजूचे. शेतकऱ्याला अक्षर वाचता यायचं नाही, त्यामुळे कुलकर्ण्यानं लिहिलं ते खरं. महात्मा फुल्यांनी यावर फार संतापून लिहिलंय. 'कलमकसाई' हा शब्द उगाच आला नाही. सगळेच तसे होते असं मी म्हणणार नाही. पण एकाच घराच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या लेखणी, आणि तपासणारं गावात कुणी नाही, ही रचनाच वाईट होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1918 साली कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमले. बाकी मुंबई राज्यात त्यासाठी 1950 चा कायदा यावा लागला. आजोबा सारखे ज्या सातबाऱ्याबद्दल बोलतात ना, त्याची नोंद तलाठीच ठेवतो.

तेव्हा मंडळातल्या त्या चौघांशी नातं आहे का, हे आडनावावरून कळायचं नाही. मूळ गाव आणि गोत्र विचारायचं. आपलं वतन नेमकं कुठल्या गावचं, ते रविवारी आजोबांना फोनवर विचार. मात्र आधी गृहपाठ उरक, कारण आजोबा तासभर सोडणार नाहीत.

तुझी आई