शिल्पाच्या घडणीवरून इलेक्ट्रॉनिक रचना करताना

चित्र किंवा शिल्प पाहून त्यावरून इलेक्ट्रॉनिक संगीत कसे रचावे, असे तुम्ही नवशिके म्हणून विचारता. तुम्ही साताऱ्यात राहता, तेव्हा पहिल्या रचनेसाठी छायाचित्रावर विसंबू नका. सातारा जिल्ह्यातल्याच औंधच्या श्री भवानी संग्रहालयात जाऊन इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे ‘मदर अँड चाइल्ड’ हे शिल्प सावकाश पाहा. राजा रविवर्मा यांची चित्रेही तेथे आहेत, परंतु त्यांतील कथानक नवशिक्याला नकळत पार्श्वसंगीताकडे ओढते आणि चित्राची घडण बाजूला राहते, असे माझे ठाम मत आहे.

संगीतकार यानिस झेनाकिस यांनी १९७७ साली सिद्ध केलेल्या यूपिक या संगणकीय यंत्रणेत काढलेली रेषाच ध्वनी होत असे: आडवा अक्ष काळाचा, उभा अक्ष स्वराच्या उंचीचा. सपाट चित्राला ही रीत शोभते. शिल्पाला मात्र आरंभबिंदू नसतो, म्हणून तो तुम्ही ठरवावा. शिल्पाभोवतीची एक प्रदक्षिणा म्हणजे रचनेचा संपूर्ण काळ मानावा, आणि प्रत्येक कोनातून दिसणाऱ्या बाह्यरेषेचा चढउतार वहीत रेखाटून तोच आलेख सॉफ्टवेअरमध्ये लो-पास फिल्टरच्या (ठरावीक मर्यादेवरचे उंच उपस्वर गाळणाऱ्या चाळणीच्या) कटऑफला, म्हणजे त्या मर्यादेला, ऑटोमेशन म्हणून द्यावा, म्हणजे ती मर्यादा आलेखाप्रमाणे आपोआप वरखाली होईल. जेथे पृष्ठभाग फुगतो तेथे फिल्टर उघडेल, जेथे आत वळतो तेथे फिल्टर मिटून ध्वनीची झळाळी मंदावेल. उगमध्वनी, म्हणजे फिल्टरमध्ये सोडायचा मूळ ध्वनी, सॉ-टूथ (करवतीच्या दातांच्या आकाराच्या) लहरीसारखा, उपस्वरांनी भरलेला निवडा. उपस्वर नसलेल्या साध्या साइन लहरीत फिल्टरला कोरण्यासारखे काही उरतच नाही.

आई आणि मूल यांच्यासाठी दोन वेगळ्या सुरावटी रचू नका. एकाच ध्वनीचे दोन थर, एका सप्तकाच्या अंतराने, एकाच आलेखावर चालवा.