चौतीस हजार घालवण्याआधी

अगं,

परवा रात्री साडेबाराला तुझा मेसेज आला, "काका, घेऊ का?" आणि खाली एका छोट्या प्रकाशनाच्या भयकथासंग्रहाचा फोटो. काळं कापड, पाठीवर सोनेरी अक्षरं, नंबर घातलेली सहीची प्रत, चौतीस हजार आणि वर पोस्टेज. लगेच उत्तर दिलं नाही कारण नुसतं "नको" लिहिलं असतं तर तू आणखी दोघांना विचारलं असतंस आणि त्यातला एक तरी "घे घे" म्हणालाच असता. म्हणून बसून लिहितोय, लांबेल, चहा घेऊन वाच.

आधी मला सांग, त्या लेखकाचं तू काय काय वाचलंयस? तूच लिहिलंयस, "एका संकलनात एक कथा वाचली, भारी होती." एक कथा! एका कथेवर चौतीस हजार म्हणजे एकदा चहा प्यायला भेटून थेट साखरपुडा. चिडवत नाहीये गं, मी स्वतः हेच केलंय. बोस्टनला नोकरीला होतो तेव्हा एका छोट्या प्रकाशनाची लेटर्ड प्रत घेतली होती, लेटर्ड म्हणजे नंबरऐवजी ए ते झेड अक्षरं, सव्वीसच प्रती, खोक्यात घालून येतात. महिन्याच्या घरभाड्याच्या निम्मे पैसे गेले. प्लास्टिक फाडायला नको म्हणून सहा वर्षं उघडलंच नाही, आणि पुण्याला परत आल्यावर एकदाचं उघडलं तर अकरा कथांमधल्या नऊ कथा अगदी पुचाट. सही मात्र सुंदर होती. नंतर कळलं की ती सहीसुद्धा बहुतेक वेळा सुट्या कागदांच्या गठ्ठ्यावर करून घेतात आणि तो कागद मग पुस्तकात बांधतात, म्हणजे लेखकाने त्या पुस्तकाला हातही लावलेला नसतो.

तेव्हापासून माझं एकच धोरण आहे. वाचायची प्रत वेगळी आणि जपायची प्रत वेगळी, आणि वाचायची आधी. मिळेल ती, स्वस्तातली, पेपरबॅक, ई-बुक, लायब्ररीची, काहीही चालेल. ती वाचायची, काही महिने जाऊ द्यायचे आणि परत वाचायची. शेवट माहीत असूनसुद्धा दुसऱ्यांदा अंगावर काटा आला तर मग शोध त्याची चांगली प्रत. पहिल्या वाचनात काय, दार करकरलं तरी माणूस दचकतो. माझ्या अनुभवात दहातल्या सात-आठ कथा दुसऱ्या वाचनाला गळतात, आणि कपाटातली जागा आणि बँकेतले पैसे दोन्ही वाचतात.

स्वस्त प्रत मिळतच नाही असं तू म्हणशील. थोडी थांब, मिळते. थॉमस लिगॉटी या अमेरिकन भयकथालेखकाचं बघ, त्याचं पहिलं पुस्तक ऐंशीच्या दशकाच्या मध्याला सिल्व्हर स्कॅरब प्रेस नावाच्या चिमुकल्या प्रकाशनाने काढलं, ३०० प्रती. आणि २०१५ साली तेच पेंग्विन क्लासिक्समध्ये पेपरबॅक आलं. रॉबर्ट एकमन या इंग्लिश लेखकाचंही तसंच. १९९९ मध्ये टार्टारस प्रेसने त्याच्या सगळ्या कथा दोन खंडांत काढल्या (यॉर्कशरमधलं प्रकाशन, मलईच्या रंगाची साधी जॅकेटं, मला त्यांची पुस्तकं फार आवडतात), त्या संपल्यावर जुन्या बाजारातल्या किमती बघूनच घाम फुटायचा. पण २०१४ साली एकमनची जन्मशताब्दी आली आणि फेबरने साधे पेपरबॅक काढले. तेवढी वर्षं ज्यांनी कळ काढली त्यांना दोन पिझ्झ्यांच्या पैशात एकमन मिळाला. एकमन तू वाचच. तो आपल्या कथांना भुताच्या कथा म्हणायचा नाही, विचित्र कथा म्हणायचा, आणि शेवटी काहीही उलगडून सांगत नाही. पहिल्यांदा वाचून तू वैतागशील, "मग झालं काय नेमकं?" म्हणून मलाच फोन करशील.

तो काळ्या कापडाचा थाट आला कुठून हेही तुला माहीत हवं, कारण निम्मी छोटी प्रकाशनं आजही त्याचीच नक्कल करतात. लव्हक्राफ्ट हा अमेरिकन भयकथालेखक मार्च १९३७ मध्ये गेला. जिवंतपणी त्याच्या नावावर धड म्हणावं असं एकच पुस्तक, १९३६ चं, पेनसिल्व्हेनियातल्या एका हौशी माणसाने छापलेलं, चारशे छापली आणि त्यातली निम्मीच बांधली गेली, आणि छपाईच्या चुका इतक्या की शुद्धिपत्राचा वेगळा कागद आत घालावा लागला. तो गेल्यावर ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वॉन्ड्राय या त्याच्या दोन चाहत्यांनी त्याच्या कथा मोठ्या प्रकाशकाला दाखवल्या, तिथे नकार मिळाला, मग १९३९ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या सॉक सिटी नावाच्या छोट्या गावातून स्वतःच आर्कम हाऊस काढलं. नाव लव्हक्राफ्टच्या कथांमधल्या काल्पनिक गावाचं. पहिलं पुस्तक साडेपाचशे पानांचा ठोकळा, बारीक टाईप, किंमत पाच डॉलर, प्रती १२६८. त्या संपायला चार वर्षं लागली. आज त्याच प्रतीला हजारो डॉलर मोजतात लोक. रे ब्रॅडबरीचं पहिलं पुस्तक त्यांनीच काढलं १९४७ मध्ये, फ्रिट्झ लायबरचंही त्याच वर्षी.

पण यातली खरी गंमत मी तुला सांगितलेली नाही. १९३६ मध्ये एका मासिकाने लव्हक्राफ्टची अंटार्क्टिकावरची लांब कथा छापताना परिच्छेद तोडले, शेवटाकडचा बराच मजकूर उडवला, आणि तो इतका भडकला की मासिकाच्या प्रतींवर हाताने दुरुस्त्या करत बसला. त्याने दुरुस्त केलेल्या प्रतीवरून १९३९ चं पुस्तक छापलं गेलं, पण सगळं काही त्यात परत आलं नाही. म्हणजे जगातलं सगळ्यात हवंहवंसं भयकथांचं पुस्तक आणि आतला मजकूर चुकीचा! तो बरोबर कोणी केला माहितीये? एस. टी. जोशीने. सुनंद त्र्यंबक जोशी, जन्म १९५८, पुणे. लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेला गेला, लव्हक्राफ्टची हस्तलिखितं प्रॉव्हिडन्सला ब्राउन युनिव्हर्सिटीत आहेत म्हणून शिकायलाही तिथेच गेला, आणि हस्तलिखितं, टाइपस्क्रिप्टं, मासिकं सगळं शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली. १९८४ ते ८६ मध्ये आर्कम हाऊसनेच त्याने शुद्ध केलेले तीन खंड काढले आणि पुढे १९९९ पासून त्यानेच संपादित केलेले पेंग्विनचे पेपरबॅक आले. तेव्हा शुद्ध लव्हक्राफ्ट तुला काही शे रुपयांत मिळतो आणि लाखांच्या प्रतीत अशुद्ध. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी एकटाच हसत बसलो होतो. (आणि आपल्याकडे या माणसाचं नाव किती जणांना माहीत आहे, विचारून बघ.)

जोशीने लिहिलेलं लव्हक्राफ्टचं चरित्रसुद्धा १९९६ मध्ये नेक्रोनॉमिकॉन प्रेसने काढलं, एरवी स्टेपल मारलेल्या चोपड्या काढणारं प्रकाशन ते. अशा चोपड्या दिसल्या तर सोडू नकोस, मोठ्या थाटाच्या पुस्तकांपेक्षा त्यात जास्त जीव असतो आणि त्या कोणी जपत नाही.

कव्हरवरच्या नावालाही भुलू नकोस. डर्लेथने लव्हक्राफ्टच्या टिपणांवरून बऱ्याच कथा "दोघांनी मिळून" लिहिल्या म्हणून छापल्या. त्यातली १९४५ ची कादंबरी जवळजवळ पन्नास हजार शब्दांची आहे आणि त्यात लव्हक्राफ्टचे शब्द बाराशेच्या आसपास. बाकी सगळा डर्लेथ. वाईट माणूस नव्हता हां, तो नसता तर लव्हक्राफ्ट मासिकांच्या रद्दीतच गेला असता.

आणि डर्लेथचा एक सल्ला तर मला अजून पुरतोय. लिव्हरपूलचा एक शाळकरी पोरगा लव्हक्राफ्टची नक्कल करून मॅसॅच्युसेट्समध्ये घडणाऱ्या कथा लिहायचा, जिथे तो आयुष्यात गेला नव्हता. त्याने त्या डर्लेथला पाठवल्या. डर्लेथने कळवलं, बाबा, कथा इंग्लंडमध्ये आण. पोराने नदीकाठचं आपलं असं काल्पनिक इंग्लिश गाव उभं केलं आणि १९६४ मध्ये आर्कम हाऊसने त्याचं पुस्तक काढलं तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. रॅम्सी कॅम्पबेल. तू लिहायचा विचार करतेयस असं तुझ्या आईकडून कळलं म्हणून हे सांगतोय, तिला ओरडू नकोस.

आणि लिहायचं नसलं तरी ते तुला लागू आहेच, कारण तुझ्या घ्यायच्या पुस्तकांच्या यादीत एकही मराठी पुस्तक नाही. नारायण धारप (१९२५ ते २००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८ ते २०२०) यांच्याशिवाय तू भयकथांचा संग्रह करणार? एक धारपांची भयकथा आणि एक मतकरींची गूढकथा लागोपाठ वाच, या दोन शब्दांतला फरक तुला मी समजावण्यापेक्षा लवकर समजेल. नव्या आवृत्त्या सहज मिळतात, वाचायला त्या घे. जुन्या प्रती जमवायच्या तर तो वेगळाच खेळ आहे, तिथे नंबर नाही, सही नाही, खोकं नाही. पुस्तकं घेणार लायब्रऱ्या, त्या जॅकेट फाडून पुठ्ठ्याची बांधणी करणार, आत जांभळे शिक्के, मागे तारखांचा कागद, आणि सतराव्या पानावर कोणीतरी पेनाने लिहिलेलं "रात्री वाचू नये". इंग्रजी पुस्तकांचे व्यापारी लायब्ररीची प्रत म्हटलं की नाक मुरडतात. मराठीत नाक मुरडून चालत नाही, बऱ्याच पुस्तकांची तीच एक प्रत शिल्लक असते. मी तर म्हणतो तारखांचा तो कागद बघत बस, एकाच महिन्यात चार जणांनी नेलेलं पुस्तक म्हणजे काहीतरी आहे त्यात.

आणि दिवाळी अंक! १९०९ पासूनची परंपरा आहे, 'मनोरंजन'ने सुरू केलेली, आणि आपल्या कितीतरी भयकथा पहिल्यांदा तिथेच छापल्या गेल्या. पुढे पुस्तकात आल्या त्या आल्या, बाकीच्या अंकाबरोबर रद्दीत गेल्या. एखादं जुनं वाचनालय बंद पडतंय असं कळलं तर पहिल्या दिवशी जा, शेवटच्या दिवशी नाही, आणि आधी दिवाळी अंकांचे गठ्ठे बघ. मला एकदा असे दोन गठ्ठे किलोच्या भावाने मिळाले. त्यात एक कथा आहे विहिरीवरची, लेखकाचं नाव पुन्हा कुठेही दिसलं नाही, चार वेळा वाचली आणि चारही वेळा रात्री पाणी प्यायला उठताना दिवा लावला. तुझे चौतीस हजार एकीकडे आणि ती सहा पानं एकीकडे.

प्री-ऑर्डरचं थोडक्यात सांगतो. छोटं प्रकाशन म्हणजे बरेचदा एक माणूस किंवा नवरा-बायको, घरातलंच एक टेबल. ॲश-ट्री प्रेस असंच एका जोडप्याने १९९४ मध्ये काढलं, ब्रिटनमध्ये सुरू करून पुढे कॅनडात नेलं, पाचशेच्या आसपास प्रती काढायचे आणि विसरलेले कितीतरी लेखक त्यांनी परत आणले. पण त्या एका माणसाचं आजारपण, घटस्फोट, कर्ज, काहीही झालं की पुस्तक अडकतं. माझे दोनदा पैसे बुडाले. म्हणून ज्यांची आधीची पुस्तकं वेळेवर आली त्यांच्याकडेच आगाऊ पैसे भर आणि बुडाले तर झोप उडणार नाही एवढेच भर.

आता पावसाळा. बाहेरच्या देशातल्या लोकांचं ऐकून पुस्तकं प्लास्टिकमध्ये सीलबंद करू नकोस, मी केली होती, एका जुलैत अकरा पुस्तकांवर बुरशी धरली. जॅकेटला मायलारचं, म्हणजे पातळ पारदर्शक प्लास्टिकचं, कव्हर घाल पण पुस्तक श्वास घेऊ दे. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, दसऱ्याच्या आसपास एकदा सगळं बाहेर काढून पंख्याखाली ठेव, उन्हात नको. कसर लागलीये का ते पाठीच्या आतल्या बाजूला बघायचं, खळ तिथे असते आणि कसरीला तीच आवडते. डांबरगोळ्या कोपऱ्यात, पानांना चिकटून नाहीत.

वाचायचं कसं हे खरं तर मी सांगायची गरज नाही पण सांगतोच. एका रात्री एक कथा. आख्खा संग्रह सलग वाचलास की चौथ्या कथेपासून भीती मरते आणि उगाच लेखकाला दोष देशील. प्रस्तावना शेवटी वाच, छोट्या प्रकाशनांचे प्रस्तावनाकार विद्वान असतात आणि विद्वान माणूस शेवट फोडतोच. आणि एक साधी वही ठेव. कथेचं नाव, तारीख, आणि नेमक्या कोणत्या वाक्याला भीती वाटली ते. दुसऱ्या वेळी परत लिही. माझ्या वहीत मजा अशी की दोन्ही वेळी तेच वाक्य क्वचितच निघतं, पहिल्यांदा भूत दिसतं तिथे खूण असते आणि दुसऱ्यांदा तीन पानं आधी, जिथे कोणी नुसती खुर्ची सरकवलेली असते.

तर त्या लेखकाचा दुसरा संग्रह माझ्याकडे आहे, पेपरबॅक, कोपरे दुमडलेला. रविवारी दुपारी ये आणि घेऊन जा. त्या लिस्टिंगवाल्याला कळव की सप्टेंबरपर्यंत विचार करतेय, तोपर्यंत गेलीच प्रत तर जाऊ दे. येताना कापडी पिशवी आणि तिच्यात एक प्लास्टिकची पिशवी आण, मागच्या वेळी एकमन ओढणीत गुंडाळून नेलास आणि अजून परत केलेला नाहीस, तोही आण.

तुझा,
काका