850 दोन्हीकडे, मग निवड कशावरून?

बर्फावरच्या गाड्यांबद्दल (स्नोमोबाइल: पुढे दोन स्की, मागे फिरणारा रबरी पट्टा म्हणजे ट्रॅक) वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी पहिल्याला या वेळी सगळ्यात जास्त जागा दिली आहे. बाकीचे बरेचसे त्याच्याच आगेमागे फिरणारे आहेत.

प्रश्न: स्की-डूची एमएक्सझेड एक्स-आरएस 850 ई-टेक घ्यावी की पोलारिसची इंडी एक्ससीआर 850, यात अडकलो आहे. माझं वजन 85 किलो. चालवणं जवळजवळ सगळं ग्रूम केलेल्या (यंत्राने दाबून सपाट केलेल्या) ट्रेलवर, दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर. सकाळी ट्रेल सपाट असतो, दुपारपर्यंत उंचवट्यांनी भरून जातो. इंजिन कुणाचं सरस?

उत्तर: इंजिनाचा मुद्दा आधी निकालात काढू. स्की-डूचं ई-टेक 849 सीसीचं, बोअर (सिलिंडरचा व्यास) 82 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 80.4 मिमी. पोलारिसचं पेट्रियट 840 सीसीचं, बोअर 85 आणि स्ट्रोक 74. दोन्ही दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक. स्की-डू 165 अश्वशक्ती सांगते, पोलारिस आकडा मिरवत नाही. पण दोन्ही गाड्या शेजारी लावून थ्रॉटल दाबला, तर कोण पुढे जाईल ते इंजिनापेक्षा क्लचची जुळणी, ताकद ट्रॅककडे नेणाऱ्या बेल्टची अवस्था आणि चालवणाऱ्याचं वजनच जास्त ठरवतं. स्वभाव मात्र वेगळे आहेत. आखूड स्ट्रोकचं पेट्रियट वरच्या फेऱ्यांवर रमतं आणि थ्रॉटलला चटकन उत्तर देतं. ई-टेकमध्ये मुख्य इंजेक्टर इंधन थेट दहनकक्षात सोडतो, त्यामुळे न जळलेलं इंधन बाहेर कमी जातं, कमी वेगावर धूर आणि वास कमी येतो. गटाने फिरताना मागच्या माणसाला हा फरक लगेच कळतो.

आता हेही बघा की ऑंटारिओत सार्वजनिक ट्रेलवरची मर्यादा ताशी 50 किमी आहे, क्वेबेकमध्ये 70, आणि मिनेसोटात सार्वजनिक जमिनीवर व पाण्यावर ताशी 50 मैल. या मर्यादा दोन्ही गाड्या सहज ओलांडतात. म्हणून इंजिनावरून भांडण्यात अर्थ नाही. तुमचा खरा प्रश्न दुपारच्या उंचवट्यांचा आहे, आणि त्याचं उत्तर सस्पेन्शनमध्ये आहे.

एक्ससीआर ही शर्यतीच्या घराण्यातली गाडी. तिचे वॉकर एव्हान्स कंपनीचे शॉक जोरात, उभं राहून, उंचवट्यांवरून उडत जाणाऱ्यासाठी बेतलेले आहेत. त्या वेगाला ती शांत असते, पण रमतगमत चालवली की प्रत्येक बारीक गचका हातापर्यंत पोहोचवते. एक्स-आरएसही मूळची कडकच, पण तिच्यात 2022 च्या मॉडेलपासून स्मार्ट-शॉक्सचा पर्याय आला. त्यात सेन्सर गाडीची हालचाल वाचून शॉकचं डॅम्पिंग (स्प्रिंगची हालचाल आवरणारा विरोध) चालता चालता बदलतात, आणि हँडलवरून कम्फर्ट, स्पोर्ट, स्पोर्ट प्लस यातलं एक निवडता येतं. सकाळ-दुपार इतकी वेगळी असणाऱ्या ट्रेलसाठी ही सोय खरोखर कामाची आहे.

एक गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. स्मार्ट-शॉक्स डॅम्पिंग बदलतात, स्प्रिंग बदलत नाहीत. स्प्रिंग तुमच्या वजनाला जुळवलेली नसेल तर कम्फर्टमध्येही गाडी तळाला आपटेल, आणि दोष इलेक्ट्रॉनिक्सवर जाईल. म्हणून कोणतीही घ्या, पहिल्या दिवशी सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने गाडी किती खाली बसते ते, मोजा. मागचा बंपर वर उचलून सस्पेन्शन पूर्ण सैल करा आणि जमिनीपासून बंपरपर्यंतची उंची मोजा. मग पूर्ण पोशाखात, हेल्मेटसकट, सीटवर बसून दोन-तीनदा हलकेच दाबा आणि पुन्हा मोजा. स्की-डूच्या बाबतीत फरक 50 ते 75 मिमी असावा. कमी आला तर प्रीलोड (स्प्रिंगवरचा आगाऊ दाब) उतरवा, जास्त आला तर चढवा. पोलारिसची मोजण्याची पद्धत आणि आकडा तिच्या पुस्तिकेतला घ्यावा, एकीचा आकडा दुसरीला लावू नये. प्रीलोड शेवटच्या टोकाला नेऊनही सॅग जुळत नसेल तर स्प्रिंगच बदलावी लागते, ती खरेदीच्या वेळीच विक्रेत्याकडून बदलून घेणं स्वस्त पडतं.

किरकोळ वाटणारे दोन मुद्दे. ई-टेकला शॉट स्टार्टर मिळतो. दिवसातली पहिली सुरुवात दोरी ओढून करायची, त्यानंतर जड बॅटरीऐवजी कपॅसिटरच्या जोरावर बटणाने. गाडी तासन्‌तास थांबली तर पुन्हा दोरी. खांदा दुखरा असेल तर हे विसरू नका. दुसरं, एक्स-आरएससारखी मॉडेलं बहुतेक वसंतातल्या आगाऊ नोंदणीतच मिळतात. हिवाळा तोंडावर आल्यावर दुकानात जाल तर मनासारखा ट्रॅक आणि शॉक मिळणं कठीण.

आमचा कौल: तुम्ही लिहिलंय त्यावरून एक्ससीआर तुमच्यासाठी गरजेपेक्षा कडक आहे. एक्स-आरएस घ्यायची तर स्मार्ट-शॉक्ससह घ्या, त्याशिवाय नको. पोलारिसच हवी असेल तर कमी कडक इंडी एक्ससी किंवा व्हीआर1 चालवून बघा. इंजिन तेच मिळेल आणि मनगटं वाचतील. या सगळ्यावर मात करणारा एकच निकष आहे: सुट्टे भाग ठेवणारा आणि हंगामाच्या मध्यात गाडी हातात घेणारा विक्रेता जवळ कोणाचा आहे. जानेवारीत तीन आठवडे वर्कशॉपमध्ये पडलेल्या गाडीचे शॉक कितीही उत्तम असले तरी काय उपयोग?

प्रश्न: ट्रॅक 129 इंची घ्यावा की 137?

उत्तर: पोलारिसच्या काही मॉडेलांत हेच आकडे 128 आणि 136 असे दिसतात, त्या एका इंचाने काही बिघडत नाही. लांब ट्रॅक दोन उंचवट्यांमधल्या खड्ड्यावरून पुलासारखा निघून जातो, आखूड ट्रॅक त्यात उतरतो आणि पुन्हा चढतो. ब्रेक मारताना आणि वेग घेताना लांब ट्रॅकची पकड चांगली. वळणावळणाच्या, झाडीतल्या अरुंद ट्रेलवर 129 इंची गाडी चपळ, कारण वळवताना जमिनीला घासणारा भाग कमी. आता 137 इंचीकडे कल वाढतो आहे आणि तो योग्यच आहे, कारण वळणातला तोटा पुढच्या स्कीवरचा दाब वाढवून बराच भरून काढता येतो. उंचवट्यांवरचा तोटा मात्र कशानेच भरून निघत नाही.

ट्रॅकच्या दातांची उंची ट्रेलसाठी सव्वा ते दीड इंच पुरे. त्याहून उंच दात मोकळ्या बर्फासाठी. घट्ट ट्रेलवर ते वाकतात आणि तापतात. ट्रेलवर बर्फ कमी आणि नुसता कडक थर असेल तर ट्रॅकच्या आतल्या रेल्सवर आइस स्क्रॅचर बसवून घ्या. ते थर खरवडून बर्फाचा भुगा वर उडवतात. त्याच भुग्याने टनेलमधला (ट्रॅकवरच्या बोगद्यासारख्या भागातला) कूलर थंड राहतो आणि ट्रॅक ज्यांवरून घसरतो त्या प्लास्टिकच्या स्लायडरांना वंगण मिळतं. भुगा नसेल तर स्लायडर वितळून ट्रॅकच्या क्लिपांना चिकटतात.

प्रश्न: ट्रॅकवर 96 स्टड (बर्फात रुतणारे टोकदार खिळे) बसवल्यापासून गाडी वळणात सरळ पुढे ढकलते. सस्पेन्शन बिघडलं का?

उत्तर: नाही. मागची पकड वाढवलीत, पुढची तशीच ठेवलीत. ढोबळ हिशेब असा की दर 24 स्टडांमागे प्रत्येक स्कीच्या रनरवर (स्कीखालच्या पट्टीवर) एक इंच कार्बाइड (कठीण धातूची धार) हवं. म्हणजे 96 ला किमान 4 इंच, 144 ला 6 इंच. रनरवर 4 इंच कार्बाइड आहे असं वाटत असेल तर बोट फिरवून बघा. धार गोल झाली असेल तर ते नसल्यातच जमा. स्टडचं टोक दाताच्या वर 3/8 इंचाच्या आसपास असावं, आणि टनेलमध्ये संरक्षक पट्ट्या असल्याच पाहिजेत, नाहीतर स्टड कूलर फाडतात. काही ट्रेलांवर स्टडना मनाई असते, ते आधी तपासा.

कार्बाइड नवं करूनही ढकलत असेल तर मधल्या (ट्रॅकच्या पुढच्या भागातल्या) शॉकचा प्रीलोड कमी करा, त्याने वजन स्कीवर येतं. तरीही नाही तर लिमिटर पट्टा (ट्रॅकचा पुढचा भाग किती खाली उतरेल ते रोखणारा) एक भोक आखडा. एका वेळी एकच बदल, आणि बदलानंतर तोच ट्रेल. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने फरक पडला ते कळायचं नाही.

उलट तक्रारही येते: सरळ जाताना पुढचं टोक डावी-उजवीकडे ओढतं. तिथे कार्बाइड आधीच्या गाड्यांनी पाडलेल्या चऱ्यांत अडकत असतं. स्की किंचित बाहेर उघडलेल्या हव्यात, साधारण 3 ते 6 मिमी. आत वळलेल्या असतील तर गाडी कधीच सरळ चालणार नाही. ट्रॅकच्या बाजूला लांब सरळ पट्टी धरून दोन्ही स्की मोजा. दुहेरी कार्बाइडचे रनर हा त्यावरचा चांगला उपाय, कारण दोन धारा एकाच चरीत एकदम बसत नाहीत.

प्रश्न: एका हंगामात दोन बेल्ट तुटले. बेल्टच कमअस्सल येतात का?

उत्तर: तुटलेला बेल्ट फेकू नका, तोच कारण सांगतो. एकाच जागी कमरेसारखा आत गेला असेल तर ट्रॅक गोठलेला असताना थ्रॉटल दिला गेला. एका कडेने दोरे सुटले असतील तर दोन क्लच एका रेषेत नाहीत, बहुधा इंजिनाचे माउंट ढिले आहेत. आतले दात उडाले असतील तर हवेतून उतरताना थ्रॉटल दाबलेला राहतो. दोन्ही कडा चकाकत असतील तर बेल्ट घसरून तापला. त्याची कारणं क्लचमधला धुरळा, थकलेल्या स्प्रिंगा किंवा चुकीची वजनं.

नवा बेल्ट कोमट साबणपाण्याने धुऊन वाळवा, मगच चढवा. पहिले 50 किमी पूर्ण थ्रॉटल नको. मागच्या क्लचमध्ये बेल्टची वरची कड चकत्यांच्या काठाशी बरोबरीत किंवा अगदी किंचित वर दिसावी. खूप वर असेल तर न्यूट्रलमध्येच गाडी सरकू लागते, खाली असेल तर सुरुवातीला ढिम्म वाटते. बेल्ट तुटल्यावर क्लचच्या मागे, क्रँकच्या सीलपाशी गुंडाळलेला प्रत्येक दोरा चिमट्याने काढा. राहिलेला दोरा सील कापतो आणि मग खर्च बेल्टचा राहत नाही, इंजिनाचा होतो. सकाळी निघण्याआधी गाडीचा मागचा भाग उचलून दोनदा खाली सोडा, ट्रॅक मोकळा होतो.

प्रश्न: यामाहाची टर्बो साइडवाइंडर वापरलेली स्वस्तात मिळते आहे. 850 सोडून ती घ्यावी का?

उत्तर: 998 सीसीचं तीन सिलिंडरचं फोर-स्ट्रोक टर्बो, दोनशेच्या वर अश्वशक्ती. गोठलेल्या तळ्यावर तिला तोड नाही. पण ते जड इंजिन पुढे बसतं, आणि उंचवट्यांवर व घट्ट वळणांत ते वजन दिवसभर तुमचे दंड उचलतात. शिवाय यामाहाने जून 2023 मध्ये स्नोमोबाइल बंद करत असल्याचं जाहीर केलं, 2025 चं मॉडेल शेवटचं. इंजिन टिकाऊ आहे, पण विक्रेता पुढेही सेवा देणार का, हे विचारूनच पैसे मोजा.

प्रश्न: वापरलेली 850 घेताना नेमकं काय तपासावं?

उत्तर: दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा, त्यांच्यात दहा टक्क्यांहून जास्त फरक नसावा. चेनकेसच्या (ट्रॅक फिरवणाऱ्या साखळीच्या पेटीच्या) तेलातला चुंबकी प्लग काढून बघा. राखाडी लगदा चालेल, धातूचे कण नकोत. पुढची स्की धरून हलवा, बॉल जॉइंट खडखडतात का ते कळेल, आणि ए-आर्म (स्की धरणारे दांडे) वाकलेले आहेत का ते दोन्ही बाजू ताडून पाहा. स्टडवाली गाडी असेल तर टनेलमधल्या पुढच्या कूलरवर टॉर्च मारा. कंपनीच्या विक्रेत्याकडे संगणक जोडून घेतला तर इंजिनाचे तास आणि जुने दोष कळतात. ओडोमीटरपेक्षा त्यावर विश्वास ठेवा.

चॅसी क्रमांकावरून रिकॉलची कामं झालीत का ते कंपनीच्या विक्रेत्याकडून लेखी घ्या. पोलारिसने डिसेंबर 2022 मध्ये मॅट्रिक्स मालिकेच्या 2021 ते 2023 च्या गाड्यांसाठी, आणि काही जुन्या गाड्यांसाठीही, इंधनाच्या टाकीत स्थिर विजेमुळे वाफ पेटण्याच्या धोक्यावरून गाडी न चालवण्याची सूचना काढली होती. त्या काळातली इंडी असेल तर ते काम झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय सौदा पुढे नेऊ नका.