सहावा महिना चालू आहे. आधी रोज धावायचे, वजनं उचलायचे. आता घरचे वाकूही देत नाहीत. गरोदरपणात नक्की किती व्यायाम चालतो?

‘वाकूही देत नाहीत’ हे वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तसं दोन ओळींचं आहे, ते आधी देऊन टाकते. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला म्हणून काही खास मनाई केली नसेल तर आठवड्याला १५० मिनिटं, मध्यम जोर लावून, चार-पाच दिवसांत विभागून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत हाच आकडा आहे. मध्यम म्हणजे काय, तर चालता चालता बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही. झालं.

आता घरच्यांचं. ते तुम्ही विचारलं नाहीत, पण खरा प्रश्न तोच आहे.

माझं पहिलं बाळंतपण २००९ सालचं. नवव्या आठवड्यात थोडं स्पॉटिंग झालं, म्हणजे रक्ताचे डाग दिसले. सोनोग्राफीत ठोके व्यवस्थित दिसले. डॉक्टरीणबाईंनी कागदावर गोळ्या लिहिल्या आणि खाली एक ओळ: रेस्ट २/५२. हे डॉक्टर लोकांचं लघुलेखन. छेदात ७ असेल तर दिवस, ५२ असेल तर आठवडे, १२ असेल तर महिने. म्हणजे माझे झाले दोन आठवडे. हे मला आज माहीत आहे. तेव्हा आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. कागद हातोहात फिरून शेवटी मोठ्या वन्संकडे गेला. त्यांनी चष्मा लावला आणि निकाल दिला, “बावन्न म्हणजे वर्षाचे आठवडे. म्हणजे पूर्ण आराम, शेवटपर्यंत.” मी विचारलं, मग वरचे दोन कशाचे? तर म्हणाल्या, “दोन जिवांची ना तू.”

हसू नका. मी हिशेब तपासून पोट भरते. लोकांच्या ताळेबंदातली पैशाची चूक मला दिसते आणि हा अपूर्णांक मी मान डोलावून मान्य केला. घाबरलेलं माणूस सगळं मान्य करतं.

दोन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी झाली. मी आत पोटावरची जेल पुसत होते, नवरा बाहेर डॉक्टरांसमोर उभा होता. त्या म्हणाल्या, “सगळं छान आहे. आता चालू द्या.” नवऱ्याने घरी येऊन सांगितलं, आराम असाच चालू द्या म्हणाल्या. आमच्या भाषेने माझा असा घात केला. डॉक्टर मला चालू द्या म्हणत होत्या, घरच्यांनी झोपणं चालू दिलं.

पुढचे साडेतीन महिने मी पलंगावर. आंघोळीला आणि बाथरूमला तेवढं उठायचं, तेही कुणीतरी दाराबाहेर उभं. नोकरीवर बिनपगारी रजा. चौथ्या महिन्यापर्यंत मला ते लाड वाटले, खोटं कशाला बोलू. पाचव्यात कंबर धरली, पोट साफ होईना, रात्री झोप नाही कारण दिवसभर दुसरं काय केलं होतं? रात्री सगळे झोपले की मी पलंगापासून खिडकीपर्यंत जायचे आणि परत यायचे. अकरा पावलं. पोट जरा घट्ट झालं की चोरी पकडल्यासारखी येऊन पडायचे आणि सकाळपर्यंत बाळाची हालचाल मोजत राहायचे. अकरा पावलांचा अपराध आणि त्याची भीती, याच्या इतकी वाईट गोष्ट मी त्या अख्ख्या गरोदरपणात केली नाही.

सव्विसाव्या आठवड्यात साखरेची तपासणी झाली. वाढलेली निघाली. डॉक्टरांनी विचारलं, “रोज किती चालता?” मी अभिमानाने सांगितलं, अजिबात नाही, तुम्ही सांगितलंत तसंच. त्यांनी पेन खाली ठेवलं. “मी कधी सांगितलं?” नवऱ्याने फाइल उघडून तो कागद पुढे केला. त्यांनी एकदा कागदाकडे, एकदा आमच्याकडे बघितलं आणि त्या जे म्हणाल्या ते मला शब्दशः पाठ आहे: “अहो, दोन आठवडे. दोन.”

मग त्यांनी माझ्या पोटऱ्या दाबून पाहिल्या, एका पायाला सूज आहे का ते बघितलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की गरोदरपणात रक्त गोठण्याकडे शरीराचा कल आधीच वाढलेला असतो, आणि त्यात सतत पडून राहिलं तर पायाच्या शिरेत गुठळी व्हायची भीती आणखी वाढते. स्नायू झडतात, हाडांतून कॅल्शियम जातं. घरात सगळे म्हणत होते ‘रिस्क नको’. अहो, पलंग हीसुद्धा रिस्क आहे. फक्त ती दिसत नाही, कारण पलंगावरून कुणी घसरून पडत नाही.

साखर आरामामुळेच वाढली असं मी म्हणणार नाही. माझ्या आईला मधुमेह आहे, घराण्यातून ते यायचंच होतं. पण व्यायामाने गरोदरपणातल्या मधुमेहाची शक्यता कमी होते हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे, आणि ती संधी माझ्याकडून एका अपूर्णांकापायी गेली.

दुसऱ्या दिवसापासून चालायला लागले. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत पोटऱ्या थरथरायला लागल्या, भिंतीला धरून उभी राहिले. आठवडाभराने प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं. तिसाव्या आठवड्यापर्यंत दिवसाला अर्धा तास व्हायला लागला. खाण्याचं पथ्य आणि हे चालणं एवढ्यावर साखर आटोक्यात राहिली, इन्सुलिन लागलं नाही. मुलगी दिवस भरून झाली, चांगली धडधाकट.

आणि इथून वाद सुरू झाला तो आजही चालू आहे. वन्सं म्हणतात, “आराम केलास म्हणून पोर हाती लागली.” नवरा उघड बोलत नाही, पण त्यालाही तसंच वाटतं. मी म्हणते, ठोके दिसत होते, स्पॉटिंग थोडंसं होतं. अशा वेळी बहुतेक गर्भ टिकतातच, आई पलंगावर असो की ऑफिसात. पडून राहिल्याने गर्भपात टळतो याला आधार सापडलेला नाही, वेळेआधीची प्रसूती टळते यालाही नाही. ‘आराम केला आणि बाळ नीट झालं’ यात दोन खऱ्या गोष्टी आहेत, त्यांच्यामधला ‘म्हणून’ वन्संनी घातलेला आहे.

वन्संवर अन्याय नको म्हणून एक सांगते. त्यांची मुलं ऐंशीच्या दशकातली. अमेरिकेतल्या स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ साली जे नियम काढले होते त्यात नाडी मिनिटाला १४० च्या वर जाऊ द्यायची नाही आणि जोराचा व्यायाम १५ मिनिटांपेक्षा जास्त करायचा नाही, असं होतं. नाडीची ती मर्यादा १९९४ मध्ये त्यांनी स्वतःच काढून टाकली. म्हणजे वन्संच्या वेळी मोठे मोठे तज्ज्ञही जपूनच बोलत होते. फरक इतकाच की तज्ज्ञांनी मत बदललं. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये इजिप्तची नादा हाफेज सात महिन्यांची गरोदर असताना तलवारबाजी खेळली, एक सामना जिंकलीही. ती बातमी मी वन्संना पाठवली. त्यांचा नुसता अंगठा आला.

आता माझी चूकही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी शहाणी.

दुसऱ्या खेपेला मी व्यायाम केला तो सूड म्हणून. दिवस राहिल्याचं कळल्यापासून रोज चालणं, आठवड्यातून दोनदा पोहणं. इथपर्यंत उत्तम. पोहण्यासारखं दुसरं सुख नाही, पाण्यात पोटाचं ओझं कुणीतरी आपल्या हातात घेतल्यासारखं होतं आणि पायांची सूजही उतरते. पण सातव्या महिन्यात वन्सं राहायला आल्या, आणि त्यांना दिसावं म्हणून मी लिफ्ट सोडून चार मजले चढायला लागले. दिवसातून तीन-तीनदा. जिन्यात धाप लागायची. ती लागतेच. गरोदरपणात रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, बसल्या जागी नाडीसुद्धा मिनिटाला दहा-वीस ठोके जास्त पडते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण आठवड्याभरात जांघेच्या मधोमध हाडात कळ यायला लागली. पाय उचलला की सुरी फिरवल्यासारखी. वन्सं काही बोलल्या नाहीत, फक्त गरम पाण्याची पिशवी आणून दिली. ते जास्त लागलं.

फिजिओथेरपिस्टने सांगितलं की या काळात सांधे सैल होतात, आणि ओटीपोटाच्या हाडांचा समोरचा सांधा एका पायावर भार आला की कुरकुरतो. उपाय साधेच होते: पावलं लहान टाकायची, सलवार बसून घालायची, कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी, गाडीतून उतरताना दोन्ही पाय एकत्र बाहेर. जिना बंद, पोहणं चालू. ब्रेस्टस्ट्रोकची लाथ मात्र बंद, कारण त्यात पाय फाकतात. व्यायाम सोडावा लागला नाही, बदलावा लागला. पण सूड घेण्यासाठी व्यायाम करू नये एवढं मला पटलं.

तर तुमचं. वाकायला काहीही हरकत नाही, बाळ पाण्यात आहे, चेपत नाही. गुडघ्यातून वाका आणि उठताना सावकाश, चक्कर येऊ शकते. वजनं आधीपासून उचलत असाल तर हलकी करून चालू ठेवता येतात. श्वास रोखून, दात-ओठ खाऊन उचलायचं बंद. जोर लावताना श्वास सोडायचा. धावणंही सवय असेल तर बहुतेकींना चालतं, वेग कमी करून, सपाट जागी. पोट पुढे आलं की तोल बदलतो. उताणं झोपून करायचे व्यायाम आता नको, तुमचे वीस आठवडे उलटलेत. गर्भाशयाचा भार पाठीकडच्या मोठ्या शिरेवर येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. कुशीवर वळलं की बरं वाटतं. पडायची किंवा पोटावर मार बसायची शक्यता असलेले खेळ, स्कूबा डायव्हिंग, तापवलेल्या खोलीतला योग, हे नाही म्हणजे नाही. आणि ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम, म्हणजे लघवी रोखल्यासारखे स्नायू आवळून सोडायचे (प्रत्यक्ष लघवी करताना नव्हे), ते मात्र पलंगावर पडूनही करा. मी पहिल्या वेळी केले नाहीत. पुढे दोन वर्षं शिंकायची भीती वाटत होती.

हे मी आधीच लिहायला हवं होतं, पण रागात राहून गेलं: काही जणींना खरोखरच व्यायाम बंद करावा लागतो. सव्विसाव्या आठवड्यानंतरही वार (प्लासेंटा) खाली असेल, गर्भपिशवीचं तोंड सैल म्हणून टाका घातला असेल, गरोदरपणातलं बीपी वाढलं असेल, अंगावरून रक्त जायचं थांबत नसेल, पाणी जात असेल, रक्त फारच कमी असेल, हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा गंभीर आजार असेल, तर माझं उत्तर तुमच्यासाठी नाही. जुळी असतील तरी आधी डॉक्टरांना विचारा. आणि व्यायाम करताना रक्त दिसलं, पाणी गेलं, ठरावीक अंतराने कळा यायला लागल्या, छातीत दुखलं, डोकं जोरात दुखलं, चक्कर आली, एकच पोटरी दुखून सुजली किंवा काही न करताच धाप लागली, तर तिथेच थांबून दवाखाना गाठा. घरी कोण काय म्हणेल, ते नंतर.

घरच्यांशी वाद घालू नका, मी सोळा वर्षं घालतेय, काही हाती लागलं नाही. पुढच्या तपासणीला त्यांना आत घेऊन जा. जो सर्वांत जास्त घाबरतो त्यालाच न्या, नवऱ्यालाच नेलं पाहिजे असं नाही. त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचारा: चालू का, वाकू का, उचलू का, किती उचलू. आराम सांगितला तर कशासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत, तेही विचारा. गोळीचा डोस लिहून देतात, तसा आरामाचाही लिहून घ्या. आणि तो आकडा अक्षरी लिहायला सांगा, चेकवर लिहितो तसा. अपूर्णांकात नको.