थंड प्रदेशात हिरवळ लावताय? आधी एवढं सांभाळा

हरळीच्या, म्हणजेच बर्म्युडा गवताच्या मोहात पडू नका, कडक हिवाळ्यात ती टिकत नाही. केंटकी ब्लूग्रास, पेरेनियल रायग्रास आणि फाइन फेस्क्यू यांचं मिश्र बियाणं घ्या. सावली जास्त असेल तर फेस्क्यूचं प्रमाण वाढवा.

सगळ्यात महत्त्वाची पेरणीची वेळ. वसंताची घाई नको. उन्हाळा सरताना, पहिल्या कडाक्याच्या दहिवराआधी (दव गोठण्याआधी) साधारण ६ आठवडे हाताशी ठेवून पेरा. तेव्हा माती उबदार असते, हवा गार होत असते आणि तणांचा जोर ओसरलेला असतो.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- बी खोल गाडणं. दंताळ्याने जेमतेम अर्धा सेंटिमीटर मातीआड करा आणि हलकं दाबा. बी मातीला चिकटलंच पाहिजे.
- एकदाच भरपूर पाणी घालणं. त्याने बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं. दिवसातून दोनतीनदा हलका शिडकावा पुरे.
- धीर सोडणं. रायग्रास आठवड्याभरात उगवतं, ब्लूग्रासला ३ आठवडेही लागतात. पहिल्या वर्षी मी दहाव्या दिवशी, 'बी वाया गेलं' म्हणून माती उकरली, तर खाली केसासारखे पांढरे कोंब नुकते फुटलेले! फार हळहळलो.

गवत ८-९ सेंटिमीटर झालं की पहिली कापणी करा, पण एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त छाटू नका. खतांचं वेळापत्रक तूर्त बाजूला ठेवा. आधी मुळं धरू द्या.