मेण वितळण्याचं सिम्युलेशन: सीमारेषा सरळ उभी राहते तेव्हा कुठे बघायचं

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भिवापुरी मिरचीच्या सोलर ड्रायरमध्ये दिवसाची उष्णता रात्रीसाठी साठवायला ५० मिमी जाड आणि १२० मिमी उंच मेणाचा कप्पा, मेण ५८–६० अंशांना वितळणारं, डावी भिंत कायम ७२ अंशांवर, बाकीच्या भिंती इन्सुलेटेड. फ्लुएंट या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये घन-द्रव सीमा शेवटपर्यंत सरळ उभी राहते, सगळं मेण वितळायला जवळपास २५ तास लागतात, आणि गाइड सर म्हणतात मशी झोन कॉन्स्टंट (अर्धवट वितळलेल्या मेणात द्रवाला किती अडवायचं तो आकडा) बदलून बघ.

कॉन्स्टंटला आत्ताच हात लावू नका. आधी कागदावर एक हिशोब करा. उष्णता नुसत्या वहनानेच जात असेल तर वितळायला लागणारा वेळ म्हणजे जाडीचा वर्ग × घनता × लेटंट हीट (वितळताना शोषली जाणारी उष्णता) ÷ (२ × वाहकता × तापमानातला फरक). ०.०५ मीटर, घनता ८८०, १,९०,००० जूल प्रति किलो, वाहकता ०.२ आणि १२ अंश हे आकडे घातले की सुमारे ८७,००० सेकंद येतात, म्हणजे २४ तास. तुमचं उत्तर नेमकं तिथेच आहे. तुमच्या केसमध्ये द्रव मेण हलतच नाहीये.

खरं मेण असं वितळत नाही. सुरुवातीला थोडा वेळ रेषा सरळ राहते. मग गरम द्रव भिंतीलगत वर चढतो, वरून उजवीकडे वळतो आणि घन मेणाचा वरचा भाग आधी खातो. सीमा तिरकी होते. तुमच्याकडे हे होत नाही याची नेहमीची कारणं: ग्रॅव्हिटी बंद आहे किंवा तिची दिशा चुकली आहे, डेन्सिटी ‘कॉन्स्टंट’ ठेवली आहे, बूसिनेस्क (तापमानाने घनतेत होणारा फरक फक्त वर चढण्याच्या बलापुरता धरणारा पर्याय) निवडलंच नाही, बूसिनेस्क निवडलं पण थर्मल एक्स्पान्शन कोइफिशियंट शून्यच राहिला. पॅराफिनला तो ०.०००८ ते ०.००१ प्रति केल्विन धरा. ऑपरेटिंग टेम्परेचर वितळणबिंदूजवळ ठेवा.

घनतेची एक अडचण मात्र राहते. मेण वितळताना दहा टक्क्यांच्या वर फुगतं, बूसिनेस्कमध्ये ते दिसत नाही. म्हणून काही जण घनता तापमानानुसार बदलती देतात. बंद कप्प्यात तसं केलं की वस्तुमान जुळत नाही आणि कंटिन्युइटी (वस्तुमानाचा ताळा ठेवणारं समीकरण) बोंबलते. फुगवटा दाखवायचाच असेल तर वर हवेची जागा सोडून व्हीओएफ (हवा आणि मेण यांच्यातली सीमा धरणारं मॉडेल) लावा, पण डिझाइनपुरतं त्याची गरज नाही. डब्यात खरोखर भरलेलं मेण तोला, त्याला मॉडेलच्या आकारमानाने भागा आणि तीच घनता द्या. खरा डबा मात्र काठोकाठ भरू नका, पत्रा फुगून सांधा उघडतो.

बाकी सेटिंग: लॅमिनार (संथ, थराथरांचा) प्रवाह, प्रेशर-बेस्ड सॉल्व्हर (डेन्सिटी-बेस्डसोबत हे मॉडेल चालतच नाही), प्रेशरसाठी प्रेस्टो ही पद्धत. जाळी साधारण १ मिमी, गरम भिंतीजवळ ०.२–०.३ मिमी. टाइम स्टेप ०.१ सेकंदापासून सुरू करा. लिक्विड फ्रॅक्शन (द्रवाचा वाटा) दर स्टेपला ० आणि १ मध्ये उड्या मारत असेल तर स्टेप निम्मी करा, रिलॅक्सेशन (दर फेरीत उत्तर किती बदलू द्यायचं तो आकडा) त्यानंतर बघा. ओपनफोम हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी: त्यातल्या सॉलिडिफिकेशनमेल्टिंगसोर्स या वितळण्याच्या मॉडेलमध्ये तापमान केल्विनमध्ये आणि लेटंट हीट जूलमध्ये असते. किलोजूल समजून १९० लिहिलं तर मेण क्षणात वितळतं आणि माणूस दिवसभर जाळीत चूक शोधत बसतो.

आता तो मशी कॉन्स्टंट. व्होलर आणि प्रकाश यांच्या १९८७ च्या पद्धतीत अर्धवट वितळलेला पट्टा सच्छिद्र माध्यम मानतात, आणि हा आकडा त्या पट्ट्यात द्रवाला किती अडवायचं ते ठरवतो. फ्लुएंटमध्ये तो मुळात एक लाख असतो; दहा हजार ते एक कोटी ही नेहमीची मर्यादा. वाढवला की वितळणं मंदावतं, फार वाढवला की सोल्यूशन थरथरतं. प्रयोगाशिवाय तो ठरत नाही. तुमचं माप योगायोगाने कामकारी, शोकूहमंद आणि ब्रुनो यांच्या २०१४ च्या लॉरिक अॅसिडच्या प्रयोगाएवढंच आहे: ५० बाय १२०, भिंत ५५, ६० आणि ७० अंश. आधी ती केस चालवा, ७० अंशांवर आकडा ठरवा आणि तो न बदलता ५५ ची केस जुळते का ते तपासा. मग आपल्या मेणाचा काचेच्या भिंतीचा छोटा डबा करून, मागे आलेखाचा कागद लावून, दर दहा मिनिटांनी मोबाइलने फोटो घ्या. लॉरिकचा आकडा मेणाला जसाच्या तसा लागेल असं धरू नका.

प्रत्येक रननंतर ऊर्जेचा ताळा करा. कप्प्याची खोली एक मीटर धरली तर तुमचं मेण ५.२८ किलो, म्हणजे लेटंट हीट सुमारे १,००० किलोजूल. त्यात सेन्सिबल हीट (नुसतं तापमान वाढवायला लागणारी उष्णता) मिळवा; भिंतीतून आत आलेली एकूण उष्णता याच्याशी दोनेक टक्क्यांत जुळली पाहिजे. नाही जुळली तर रंगीत चित्र कितीही देखणं असो, ते गाइडला दाखवू नका. आणि गावाकडे लाइन कधी जाईल त्याचा नेम नाही, तेव्हा ऑटोसेव्ह चालू ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही फक्त वितळण्याची केस केली आहे, आणि मिरचीला मेण लागतं रात्री. गोठताना भिंतीवर आधी घन थर बसतो, उष्णता त्या थरातूनच बाहेर यावी लागते, प्रवाहाची मदत जवळजवळ संपते. वरचंच सूत्र वापरा: भिंत वितळणबिंदूच्या १० अंश खाली असेल तर १० मिमी थर गोठायला सव्वा तासाच्या आत-बाहेर, २५ मिमीला सव्वासात तास, ५० मिमीला २९ तास. म्हणजे सकाळी एक तृतीयांशाच्या आसपास मेण द्रवच असेल. २०–२५ मिमीचे चपटे डबे करा, हवा दोन्ही बाजूंनी जाऊ द्या.

कायम ७२ अंशांची भिंतही सोडा. डिसेंबरच्या दुपारी बाहेर २८ अंश असताना साध्या सपाट कलेक्टरची हवा २०–३० अंश वर जाते, म्हणजे ४८ ते ५८. हवेच्या वाटेत ठेवलेलं ५८–६० चं मेण त्यात वितळणारच नाही. ४४–४८ अंशांचा पदार्थ घ्या. भिंतीला तापमानाऐवजी कन्व्हेक्शनची (हवेकडून भिंतीला मिळणाऱ्या उष्णतेची) अट द्या: १०–२० वॅट प्रति चौरस मीटर केल्विन, आणि हवेचं तापमान तासागणिक बदलतं.

एक हिशोब तर सॉफ्टवेअर उघडायच्या आधीच करायचा होता. १० किलो ओल्या मिरचीत ७५ टक्के पाणी धरलं आणि १० टक्क्यांवर आणायचं म्हटलं, तर ७.२ किलो पाणी उडवावं लागतं. पाण्याला किलोमागे सुमारे २.४ मेगाजूल. १० किलो मेणाची लेटंट हीट १.९ मेगाजूल, म्हणजे सगळी कामी आली तरी पाऊण किलोच्या आसपासच पाणी. तेव्हा मेणाकडून रात्रभर वाळवण्याची अपेक्षा ठेवू नका. सूर्य मावळल्यावर दोन-तीन तास हवा कोमट ठेवून मिरचीला पुन्हा दमटपणा लागू न देणं, एवढंच उद्दिष्ट धरून डब्यांची संख्या काढा.